ग्रीक अवशेष बघायचेत, विद्यार्थी बजेट, आठवडाभर सुट्टी: अथेन्स की दुसरीकडे कुठे?

केशरी_बोका:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या. मी श्टुटगार्टला मास्टर्स करतोय, मेकॅनिकल. फिंग्स्टनला (मे-जूनमधला ख्रिस्ती सण) आठवडाभर सुट्टी आहे आणि आमचा सगळा देसी ग्रुप सॅन्टोरिनीला चाललाय, पांढरी घरं, निळे घुमट, रील्स. मला त्यात काडीचा इंटरेस्ट नाही. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात ते खांबवालं देऊळ बघितल्यापासून ग्रीक अवशेष बघायचं डोक्यात आहे, आणि आता इतक्या जवळ येऊन राहिलोय तर उरकून घ्यावं, एकदा नोकरी लागली की सुट्टीच्या नावाने बोंब. बजेट म्हणाल तर होस्टेलची डॉर्म, विमान स्वस्तातलं, खाणं सुपरमार्केटचं. अथेन्सच करू की इटलीत पण ग्रीक देवळं आहेत म्हणतात ती करू? आणि दुसरं म्हणजे माझा रूममेट म्हणतो की तुटके दगड बघायला एवढे पैसे कशाला घालवतोस, फोटोत त्यापेक्षा नीट दिसतं. त्याला काय उत्तर देऊ ते सुचेना, कारण मलाही इतिहासातलं ओ की ठो कळत नाही. तिथे जाऊन काही कळेल का?

भटका_जीव:
अथेन्स. विषय संपला.

चाफेकळी:
विषय कसला संपला, आत्ता तर सुरू झाला :)
बोक्या, मी इरॅस्मसवर एक सेमिस्टर अथेन्सला होते. अॅक्रोपोलिस, म्हणजे तुझं ते खांबवालं देऊळ पार्थेनॉन आहे ती टेकडी, तर बघशीलच, पण आधी पैशांचं ऐक. एप्रिल २०२५ पासून अॅक्रोपोलिसचं तिकीट सरसकट ३० युरो झालंय, उन्हाळा असो की हिवाळा. पूर्वी ३० युरोत अॅक्रोपोलिस, अगोरा (जुना बाजारचौक), केरामेइकोस, झ्यूसचं देऊळ असं सगळं मिळून एकच तिकीट असायचं, ते बंद केलं. आता प्रत्येक ठिकाणचं वेगळं काढा. शिवाय वेळेचा स्लॉट आधी बुक करायला लागतो, २०२३ पासून दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा घातलीये. सकाळी ८ चा पहिला स्लॉट घे आणि बुटाचे तळवे बघून घे, तिथला संगमरवर लाखो पायांनी इतका गुळगुळीत झालाय की चपलेवर आलेले लोक धडाधड आपटतात.

सांगलीकर_इन_तोरिनो:
आणि ते २५ च्या आतल्यांना फुकट वगैरे वाचून हुरळून जाऊ नकोस. ते युरोपियन युनियनच्या नागरिकांना. आपण इथे टॅक्स भरा, सेमिस्टर फी भरा, तिकीट खिडकीवर निळा पासपोर्ट काढला की संपलं. माझ्याबरोबरचे स्पॅनिश पोरं-पोरी हसत हसत आत आणि मी पाकीट उघडून बाहेर. इटलीतही तीच तऱ्हा, १८ ते २५ च्या युरोपियन पोरांना सरकारी म्युझियम २ युरोत.

केशरी_बोका:
माझं वय २६ आहे त्यामुळे तो अपमान तसाही होणार नाही, वेगळ्या कारणाने होईल.

सांगलीकर_इन_तोरिनो:
=)) =))
बरं मुद्द्याचं. मी अथेन्सही केलंय आणि दक्षिण इटलीही. माझं मत अथेन्सवाल्यांना झोंबणार, पण उभी ग्रीक देवळं बघायची असतील तर पेस्तुमला जा. नापोलीच्या (नेपल्सच्या) खाली, सालेर्नोच्या पुढे. तीन देवळं एका कुरणात उभी आहेत, तीनही डोरिक म्हणजे जाड, साध्या खांबांची, सगळ्यात जुनं साधारण इसपू ५५० चं म्हणजे पार्थेनॉनच्या शंभर वर्षं आधीचं. नापोलीहून लोकल ट्रेन थेट पेस्तुम स्टेशनला सोडते, सव्वा-दीड तास, स्टेशनातून सरळ चालत सुटलास की जुन्या तटबंदीच्या दरवाजातून आत. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी म्युझियम आणि साइट सगळ्यांना फुकट, तिथे पासपोर्टचा रंग बघत नाहीत. आणि अॅक्रोपोलिसला पार्थेनॉनच्या आत पाऊल टाकू देत नाहीत, दोरीच्या बाहेरून प्रदक्षिणा. पेस्तुमला सगळ्यात जुन्या देवळात चक्क आत जाऊन खांबाखाली उभं राहता येतं.

भटका_जीव:
झोंबलं. पार्थेनॉन सोडून म्हशींच्या कुरणातली देवळं बघायला सांगताय? म्हणजे मुंबईत येऊन गेटवे न बघता परत जा म्हणण्यातला प्रकार झाला.

सांगलीकर_इन_तोरिनो:
म्हशींचं नाव काढलंत म्हणून सांगतो, पेस्तुमच्या आजूबाजूला खरंच म्हशींचे गोठे आहेत आणि मोझरेला तिथलाच. देवळं बघून झाल्यावर गोठ्यावरच बसून ताजा गोळा खायचा. पार्थेनॉनपाशी ही सोय नाही.

दगडफोड्या:
इथे पुरातत्त्वाची डिग्री घेऊन बेकार असलेला मी एकटाच असावा, त्यामुळे माझाच धागा आहे हा.

बोका, तुझा रूममेट म्हणतो फोटोत नीट दिसतं. त्याला सांग की फोटोत देवळाचं 'दर्शन' होतं, देऊळ बांधलं कसं ते दिसत नाही. तू मेकॅनिकलवाला आहेस, तुला तर चंगळ आहे. पार्थेनॉनच्या पायऱ्यांच्या एका कोपऱ्याशी खाली वाक, नजर पायरीच्या पातळीत आण आणि लांबच्या टोकाकडे बघ. पायरी मधे फुगलेली दिसेल. लांब बाजूला साधारण ११ सेंमी आणि आखूड बाजूला ६ सेंमीच्या आसपास हा फुगवटा आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे, दगड खचून झालेला नाही. खांबही किंचित आत कललेले आहेत. सगळं इसपू ४४७ ते ४३२ या पंधरा वर्षांत उभं केलंय, कॅड नाही, लेझर नाही.

दुसरं म्हणजे दोन दगड एकमेकांना भिडतात तो पृष्ठभाग. उघडा पडलेला कुठलाही सुटा दगड बघ. कडेकडेने बोटभर पट्टा आरशासारखा घासलेला आणि मधला भाग खडबडीत, किंचित खोल. सगळा पृष्ठभाग घासत बसण्याची मेहनत वाचवायची आणि सांधा मात्र असा बसवायचा की बाहेरून रेघही दिसू नये. चुना नाही, काही नाही. दगड दगडाला धरून ठेवायला आतून लोखंडी पकडी घालायचे आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचे. शिशामुळे लोखंडाला हवा-पाणी लागत नाही म्हणून ते गंजत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बालानोस नावाच्या इंजिनिअरने डागडुजी केली, त्याने शिसं न घालता नुसतं लोखंड वापरलं. ते गंजलं, फुगलं आणि संगमरवर आतून फोडला. १९७५ पासून जी दुरुस्ती चाललीये ती बऱ्याच अंशी हे निस्तरायची आहे. आता टायटॅनियम वापरतात. नवा दगड पांढराफेक आणि जुना मधाळ पिवळट असतो, त्यामुळे कुठला तुकडा कधीचा ते आपोआप कळतं.

केशरी_बोका:
बाप रे. हे असं कोणी शाळेत सांगितलं असतं तर मी इतिहासात काठावर पास झालो नसतो. थर्मलच्या क्लासात गंजाने होणारं प्रसरण शिकलोय पण त्याने देऊळ फुटतं हे नवीन.

एक_प्रश्नचिन्ह:
आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं एकाच डोंगरातून वरून खाली खोदत आणलंय. ते न बघता लोक परदेशातले दगड बघायला जातात याचं आश्चर्य वाटतं.

निवांत_कोकणी:
आलेच. वाटच बघत होतो, एवढा उशीर का झाला?

चाफेकळी:
प्रश्नचिन्हजी, त्याने वेरूळ बघितलं नाही असं कुठे लिहिलंय? आणि श्टुटगार्टहून वेरूळ आठवड्याच्या सुट्टीत होत नाही हो.

खवट_म्हातारा:
आम्ही निवृत्तीनंतर टूर कंपनीबरोबर ग्रीस केलं. अॅक्रोपोलिसवर अर्धा तास दिला आणि त्यानंतर दुकानात दीड तास. पोरा, तू एकटा जातोयस हे भाग्य समज. उन्हाची काळजी घे. तिथे सावलीला झाड नाही, आमच्या ग्रुपमधल्या एका बाईंना चक्कर आली. जुलै-ऑगस्टात तर दुपारी ऊन फारच वाढलं की सरकार साइट बंद करतं असं नंतर पेपरात वाचलं.

चाफेकळी:
हो काका, २०२३ च्या जुलैत दुपारी काही तास बंद ठेवलं होतं. फिंग्स्टन मे-जूनमध्ये येतो, तेव्हा एवढं नसतं, पण टोपी आणि पाण्याची बाटली हवीच.

अथेन्सला गेलासच तर माझी आवडती जागा केरामेइकोस, जुनी स्मशानभूमी. अॅक्रोपोलिसवर मुंगी शिरायला जागा नसते तेव्हा इथे चार टाळकी असतात. समाधीचे दगड, ओढ्याकाठी गवत आणि त्या गवतातून कासवं फिरत असतात, खरीखुरी. आणि सिंटाग्माच्या मेट्रो स्टेशनात खोदकामात निघालेले थर काचेमागे जसेच्या तसे ठेवलेत, त्याला वेगळं तिकीट नाही. झ्यूसच्या देवळापाशी १८५२ च्या वादळात पडलेला एक खांब तसाच ठेवलाय. त्याचे गोल तुकडे एकापुढे एक आडवे पडलेत, कोशिंबिरीला कापलेली काकडी असते ना तश्शा चकत्या. खांब अखंड नसतो, असा चकत्यांचा रचलेला असतो, हे मला तिथे समजलं.

डॉ_झोपाळू:
अवांतर: शाकाहारी असशील तर ग्रीस उत्तम. गेमिस्ता म्हणजे भात भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरची, गिगान्तेस म्हणजे मोठ्या पांढऱ्या वालासारख्या बिया टोमॅटोच्या रश्यात, फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. मी तिथे एकदाही पिझ्झा खाल्ला नाही.

निवांत_कोकणी:
पालेर्मोला हरभऱ्याच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून देतात, पानेल्ले म्हणतात. स्वस्त आणि पोटभर. फक्त चटणी नाही, ती इथून न्यावी लागते. मी लसणीची नेली होती, होस्टेलमधली डॉर्म रिकामी झाली.

माईची_लेक:
कोकणीदादा =)) तुम्ही सिसिलीला गेला होतात? त्यावर लिहा ना, मला पण जायचंय. मी मिलानला आहे.

निवांत_कोकणी:
लिहितो, पण लांबेल.

सिसिली म्हणजे ग्रीकांनी इसपू आठव्या शतकापासून वसाहती केलेलं बेट. अॅग्रिजेंतोला पालेर्मोहून ट्रेन जाते, दोनेक तास. तिथलं कॉन्कॉर्डियाचं देऊळ इतकं शाबूत आहे की नुसतं छप्पर नाही. ते टिकलं कारण सहाव्या शतकाच्या शेवटी त्याचं चर्च केलं. आतल्या भिंतींमधे त्यांनी कमानी कापल्या त्या अजून दिसतात. ज्या देवळांना कोणी वापरात ठेवलं नाही त्यांचे दगड लोकांनी घरं आणि बंदर बांधायला नेले. झ्यूसचं देऊळ तर नुसता दगडांचा ढीग आहे, पण त्यात भार डोक्यावर पेलणारे दगडी राक्षस होते त्यातला एक म्युझियममध्ये उभा करून ठेवलाय, साडेसात मीटरच्या वर. त्याच्यापुढे उभा राहिल्यावर माझ्या तोंडून एकच शब्द निघाला, तो इथे लिहिता येत नाही.

सिराक्यूजला मात्र चर्चमध्ये शिरा. बाहेरून ते साधं बरोक चर्च दिसतं, बाजूच्या भिंतीत मात्र अथीनाच्या देवळाचे डोरिक खांब जसेच्या तसे चिणलेले आहेत. इसपू पाचव्या शतकातलं देऊळ, नंतर चर्च, मधे मशीद, पुन्हा चर्च. लोक त्या खांबाला टेकून मोबाईल बघत बसलेले असतात. मला ते फार आवडलं, दोरी नाही, पाटी नाही, देऊळ चालू आहे.

आणि सेजेस्ता. डोंगरात एकटं देऊळ. हे ग्रीकांचं नाहीच, एलिमियन नावाच्या स्थानिक लोकांनी ग्रीक पद्धतीने बांधायला घेतलं आणि अर्धवट सोडलं. ३६ खांब उभे, पण त्यांच्यावरच्या उभ्या खाचा कोरल्याच नाहीत. पायऱ्यांच्या दगडांवर हाताच्या मुठीएवढे उंचवटे राहिलेत, दगड दोरखंडाने उचलायला ठेवलेले, काम झाल्यावर तासून काढायचे असतात. ते काढायची वेळच आली नाही. दगडफोड्या साहेबांनी आत्ता वर जे सांगितलं ते मला आधी माहीत असतं तर मी तिथे अजून तासभर थांबलो असतो.

दगडफोड्या:
साहेब नका म्हणू, नोकरी लागल्यावर म्हणा. सेजेस्ता आवडलं असेल तर कुसाच्या खाणी बघायला हव्या होत्या, सेलिनुंते या जुन्या ग्रीक शहराजवळ. खांबाच्या चकत्या खडकातून गोल कापून अर्ध्या बाहेर काढलेल्या तशाच सोडून दिल्यात. भोवती माणूस उभा राहून छिन्नी चालवू शकेल एवढीच खाच. इसपू ४०९ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजने सेलिनुंते पाडलं आणि काम थांबलं.

भटका_जीव:
सगळे बोक्याला घेऊन इटलीत निघालेत. अरे त्याने ग्रीक अवशेष विचारलेत ग्रीक! डेल्फी? ऑलिंपिया? एपिडाव्रॉस? एपिडाव्रॉसच्या थिएटरात मधोमध नाणं पाडलं तर शेवटच्या रांगेत ऐकू येतं, १४ हजार माणसांचं थिएटर.

डॉ_झोपाळू:
ते नाण्याचं गाइड लोक सांगतात. २०१७ मध्ये आइंडहोवेन विद्यापीठाच्या लोकांनी तिथे मोजमापं घेतली आणि नाणं किंवा कुजबुज मागच्या रांगेत स्पष्ट ऐकू येत नाही असं सांगितलं. मोठ्याने बोललेलं मात्र नीट पोचतं. ग्रीक लोकांना ते फारसं रुचलं नव्हतं.

भटका_जीव:
मी स्वतः ऐकलंय.

डॉ_झोपाळू:
तुम्ही टाळी ऐकली असेल.

भटका_जीव:
नाणं!!

निवांत_कोकणी:
कितीचं?

खवट_म्हातारा:
भांडू नका. आमच्या गाइडने कागद फाडून दाखवला होता. मला काहीच ऐकू आलं नाही पण माझं मशीन खिशात होतं.

चाफेकळी:
डेल्फीबद्दल मी भटक्याशी सहमत. अथेन्सहून बसने तीनेक तास. सगळे अपोलोच्या देवळाकडे आणि ब्राँझच्या सारथ्याच्या पुतळ्याकडे धावतात, बरोबरच आहे, पण देवळाच्या खालची भिंत बघा. वाकड्यातिकड्या दगडांची, एकात एक अडकवलेली. तिच्यावर बारीक अक्षरात शेकडो लेख आहेत आणि त्यातले बहुतेक गुलामांच्या सुटकेचे. कागदोपत्री गुलामाला अपोलोला विकल्याचं दाखवायचं, म्हणजे तो देवाचा आणि म्हणून मोकळा. पण काही लेखात अट असते की जुना मालक जिवंत असेपर्यंत त्याच्याकडेच राहून काम करायचं. म्हणजे सुटका पण नंतर. उन्हात हाताने सावली धरून ती अक्षरं बघताना मला अपोलो वगैरे विसरायला झालं.

दगडफोड्या:
क्या बात है. आता प्रश्नचिन्ह यांच्यासाठी: दगडावर नाव कोरायचं वेड ग्रीकांचं एकट्याचं नाही आणि त्यांचे नि आपले दगड एकमेकांपासून फार लांबही नाहीत. कार्ल्याच्या चैत्यात खांबांवर ब्राह्मी लेख आहेत, त्यात धेनुकाकट इथल्या यवनांनी (तेव्हा हा शब्द ग्रीकांसाठी वापरत) खांब दान दिल्याची नोंद आहे. हे यवन जन्माने ग्रीक होते की नुसतं तसं म्हणवून घेत होते यावर वाद आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात १७ क्रमांकाचं लेणं उत्तरेकडून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने, म्हणजे यवनानेच, कोरवलंय. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या टेकाडात ब्राँझचा पोसायडन सापडला, तो तिथल्या टाउन हॉल म्युझियममध्ये आहे, छोटासा. आणि पेस्तुमचं मूळ ग्रीक नाव पोसायडोनिया. तेव्हा बोक्या, परत आलास की कोल्हापूरला पण ये.

एक_प्रश्नचिन्ह:
हे ब्रह्मपुरीचं माहीत नव्हतं. मी कोल्हापूरचाच आहे.

निवांत_कोकणी:
=)) घ्या!

सांगलीकर_इन_तोरिनो:
अजून एक. नापोलीच्या पुरातत्त्व म्युझियममध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या पाँपेईला १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंताची भारतीय बाई आहे, 'पाँपेईची लक्ष्मी' म्हणतात. आपल्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला खोदकामात अशाच घडणीची मूर्ती सापडली होती. म्हणजे पाँपेईपर्यंत गेलेल्या त्या बाई बहुधा आपल्याकडच्या. ती मूर्ती त्यांनी 'गुप्त दालन' म्हणून जी खोली केलीये तिथे ठेवलीये, कारण बाई अंगावर दागिन्यांपलीकडे फारसं नेसलेल्या नाहीत. नापोलीला गेलास तर भेटून ये. मंगळवारी बंद असतं.

माईची_लेक:
जालन्याची बाई दोन हजार वर्षांपूर्वी इटलीत आणि मला मिलानमध्ये घरभाडं परवडत नाही.

केशरी_बोका:
=)) =))
मंडळी, धन्यवाद सगळ्यांना. खूपच माहिती मिळाली, आता उलट गोंधळ वाढलाय. व्हिसाचं पण कोणीतरी सांगा, माझ्याकडे जर्मन रेसिडेन्स परमिट आहे, ग्रीस-इटलीला वेगळं काही लागतं का? आणि कोणी तुर्कस्तानचं सुचवत होतं मला, तिथे पण ग्रीक अवशेष आहेत म्हणे?

डॉ_झोपाळू:
शेंगेनमध्ये रेसिडेन्स परमिट आणि पासपोर्ट दोन्ही जवळ ठेव, १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत फिरता येतं. ग्रीस, इटली दोन्ही शेंगेनच. तुर्कस्तान शेंगेनमध्ये नाही, पण भारतीयांकडे वैध शेंगेन, युके किंवा अमेरिकेचा व्हिसा अथवा परमिट असेल तर ऑनलाइन ई-व्हिसा मिळतो, एक महिन्याचा, एकदाच प्रवेशाचा. एफेसस, प्रिएने, मिलेटस, दिदिमा सगळं इझ्मिरच्या खालच्या पट्ट्यात आहे. दिदिमाला अपोलोचं अवाढव्य देऊळ, त्याच्या आतल्या भिंतींवर कारागिरांनी देवळाचे आराखडेच बारीक रेघांनी कोरून ठेवलेत. भिंतीला शेवटचा हात मारून गुळगुळीत केली असती तर पुसले गेले असते. देऊळ पुरं झालं नाही म्हणून राहिले. १९७९ मध्ये एका जर्मन संशोधकाच्या लक्षात आलं, तोपर्यंत कोणाला दिसलेच नव्हते. तू इंजिनिअर, ड्रॉइंग बघायला जाच.

भटका_जीव:
त्या जर्मनांनी पर्गामॉनची वेदी उचलून बर्लिनला नेली ते पण सांगा.

डॉ_झोपाळू:
नेली, १८७८ नंतर, तेव्हाच्या उस्मानी सरकारशी करार करून. तुर्कस्तानात परत मागणारे आहेत. पण ती बघायला बर्लिनला जाऊ नकोस बोक्या, पर्गामॉन म्युझियम २०२३ च्या ऑक्टोबरपासून दुरुस्तीसाठी पूर्ण बंद आहे, वेदीचा भाग २०२७ मध्ये उघडणार म्हणतात. त्यापेक्षा तुला श्टुटगार्टहून म्युनिक जवळ. तिथे ग्लिप्टोथेक या म्युझियमला रविवारी १ युरो तिकीट आणि आत एजिना बेटावरच्या अफाइयाच्या देवळाची शिल्पं. ती १८१२ मध्ये बव्हेरियाच्या राजपुत्राने विकत घेतली, मग थोरवाल्डसेन या शिल्पकाराकडून तुटलेले हातपाय नवे करून बसवले आणि १९६० च्या दशकात ते सगळे परत काढून टाकले. आता योद्धे मधूनमधून हवेतच उभे आहेत, लोखंडी सळीवर. मला तसेच बरे वाटतात, पण माझ्या बायकोचं मत हात होते ते काय वाईट होते.

दगडफोड्या:
वहिनींना भेटायचंय. हा वाद आमच्या क्लासात दोन तास चालला होता.

खवट_म्हातारा:
आमच्या वेळी कोणी हे सांगितलं नाही, नुसतं 'लेफ्ट साइड प्लीज, राइट साइड प्लीज'.

केशरी_बोका:
ठरलं. अथेन्सचं विमान त्या आठवड्यात भलतंच महाग दाखवतंय, नापोलीचं त्याच्या निम्म्यात मिळालं. नापोलीत डॉर्म, एक अख्खा दिवस पेस्तुम, एक दिवस म्युझियम आणि जालन्याच्या बाई, एक दिवस पाँपेई, उरलेला वेळ नुसतं भटकणे. अथेन्स हिवाळ्यात करीन, चाफेताई, तेव्हा महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट असतं असं वाचलं, खरं का?

चाफेकळी:
हो, नोव्हेंबर ते मार्च पहिला रविवार फुकट. गर्दी असते, पण ३० युरो वाचतात. हिवाळ्यात वेळा कमी असतात, सूर्य मावळायच्या आत बंद होतं, सकाळीच जा.

भटका_जीव:
निषेध! (पण फोटो टाक.)

सांगलीकर_इन_तोरिनो:
पेस्तुमला देवळं झाली की त्याच तिकिटात म्युझियम आहे ते सोडू नकोस. 'पाणबुड्याची कबर' बघ, १९६८ मध्ये सापडली, पाच दगडी फरशा, आतल्या बाजूने रंगवलेल्या. झाकणावर एक माणूस उंचावरून पाण्यात सूर मारतोय. ग्रीकांच्या भिंतींवरची चित्रं जवळपास सगळी नष्ट झालीत म्हणून हिचं एवढं कौतुक. आणि सगळ्यात जुन्या देवळाच्या समोरचे खांब मोज. नऊ येतील. म्हणजे बरोबर मध्यावर खांब येतो आणि दाराच्या वाटेत उभा राहतो. पुढच्या देवळात सहा केले.

केशरी_बोका:
जाऊन आलो. सविस्तर लिहीन पण परीक्षा आहे म्हणून थोडक्यात. नऊ खांब मोजले आणि मधल्याला वळसा घालून आत गेलो. खांब मधे फुगून वर एकदम निमुळते होतात आणि त्यांच्यावरचे गोल दगड इतके पसरट की वजनाने चेपलेत असंच वाटतं. दगड संगमरवर नाही, चुनखडी, भोकाभोकांची, त्यात शिंपल्या-गवताचे ठसे सुद्धा दिसतात. दगडफोड्या दादांनी सांगितलेला घासलेला पट्टा शोधत पालथा पडलेला बघून एका गार्डने शिट्टी मारली, मग येऊन स्वतःच दोन दगड दाखवले. इटालियन मला येत नाही, त्याला इंग्लिश येत नाही, पण बोटाने 'इथे, इथे' चाललं होतं. रोमन अँफिथिएटर अर्धं रस्त्याखाली गेलंय, एका बाजूला जुन्या बैठका आणि दुसरीकडे भरधाव गाड्या. मोझरेला खाल्ला. जालन्याच्या बाईंना नमस्कार सांगितला, फार लहान आहेत, पण ऐटीत उभ्या आहेत.
रूममेटला फोटो दाखवले, तो म्हणाला चांगलेत पण यात तू कुठे आहेस? एकाही फोटोत मी नाही, सगळे सांध्यांचे.

दगडफोड्या:
बिघडलास. आता इंजिनिअरिंग सोड.

निवांत_कोकणी:
मोझरेला कसा होता ते एका शब्दात उरकलंस, हे काय बरं नाही.

डब्लिनची_राणी:
उशिरा वाचतीये धागा, पण मस्त आहे. मी आयर्लंडला स्टुडंट व्हिसावर आहे, मला पण हेच करायचंय, परमिटवर जाता येईल का?

डॉ_झोपाळू:
नाही, आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, तुला वेगळा शेंगेन व्हिसा काढावा लागेल. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्या देशाचा. अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, आत्तापासून लाग. युकेवाल्यांनाही तेच.

भटका_जीव:
राणीताई, व्हिसा ग्रीसचा काढा. या धाग्यावर एक तरी माणूस अथेन्सला गेला पाहिजे.

सांगलीकर_इन_तोरिनो:
इटलीचा काढा, पहिल्या रविवारी फुकट.

भटका_जीव:
पुन्हा सुरू झाले हे.